केमो मिसळणाऱ्यांचे संरक्षण: सात वर्षे अडलेला नियम

केमोच्या औषधांचा त्रास ती हाताळणाऱ्यांनाही होऊ शकतो, याचा पहिला ठोस इशारा १९७९ मध्ये फिनलंडमधून मिळाला. ही औषधे हाताळणाऱ्या नर्सच्या लघवीत जनुकांत बदल घडवू शकणारे घटक आढळले. त्या काळी औषध बहुधा आडव्या झोताच्या कॅबिनेटमध्ये मिसळत. औषध निर्जंतुक राहावे म्हणून हवा मागून पुढे वाहायची, म्हणजे मिसळणाऱ्याच्या थेट तोंडावर. हवा वरून खाली सोडणारे, उभ्या झोताचे सुरक्षा कॅबिनेट वापरल्यावर लघवीतले हे घटक घटतात, असे १९८२ मध्ये अमेरिकेत दिसले. १९८५ मध्ये फिनलंडच्याच १७ रुग्णालयांतल्या पाहणीत गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतली हाताळणी आणि गर्भपात यांचा संबंध आढळला.

पुढे १९८६ आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी सूचना काढल्या, पण त्या सल्ल्याच्याच स्वरूपाच्या होत्या. सक्तीची भाषा आली ती यूएसपी या अमेरिकेतल्या औषध-मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या फेब्रुवारी २०१६ च्या मानकात: औषध मिसळायला बाहेरच्यापेक्षा कमी दाबाची वेगळी खोली, तिथली हवा थेट इमारतीबाहेर. अंमल जुलै २०१८ पासून होता. तो डिसेंबर २०१९ वर गेला. तोवर औषधे मिसळण्याच्या तिच्याच दुसऱ्या काही मानकांविरुद्ध अपिले झाली आणि त्यात हेही अडकले. कागदावर लागू, पण देशभर बंधनकारक नाही. काही राज्यांनी स्वतःहून सक्ती केली. बाकीकडे १ नोव्हेंबर २०२३ उजाडावा लागला. खोल्या बांधायचा खर्च मोठा, हे मान्य. पण त्या सात वर्षांत नर्स आणि फार्मासिस्ट तेच काम रोज करत होते.

याच मानकातला एक भेद मला आजही पटत नाही. थेंब आणि बाष्प बाहेर पडू न देणारी बंद जोडणी औषध देताना शक्य तिथे सक्तीची, तर मिसळताना फक्त ‘वापरावी’ अशी शिफारस. मिसळताना कॅबिनेट असतेच आणि या जोडण्या तपासण्याची सर्वमान्य कसोटी नाही, असे त्यामागचे म्हणणे. तरीही सर्वात तीव्र औषध हातात असते ते मिसळतानाच, आणि या औषधांच्या संपर्काची सुरक्षित मर्यादा कुणी ठरवून दिलेली नाही.

आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत केमोच्या औषधांचा उल्लेख आहे. मुदत संपलेली औषधे आणि ती लागलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत, स्वतंत्र खूण करून, १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळायच्या. हा नियम कचऱ्यापुरता आहे. औषध मिसळायची खोली कशी असावी, हे त्यात येत नाही.