वाळवंटी गुहांमधल्या वटवाघूळ-ग्वानोतली खनिजं

वटवाघळांच्या विष्ठेचे म्हणजे ग्वानोचे थर कोरड्या गुहेत, कपारीत किंवा बंद पडलेल्या खाणीत वर्षानुवर्षं साचत राहिले की त्यातून, आणि त्याची खालच्या दगडाशी गाठ पडली की, जी स्फटिकी संयुगं तयार होतात त्यांचा हा गट. बहुतेक फॉस्फेट, मग सल्फेट, ऑक्झलेट वगैरे, आणि काही चक्क सेंद्रिय. समुद्रपक्ष्यांच्या ग्वानोतली खनिजं (चिलीतलं पाबेलोन दे पिका, पेरूची चिंचा बेटं) हा वेगळा विषय आहे, पण दोन्हींची गल्लत सर्रास होते.

किडे खाणाऱ्या वटवाघळांच्या लेंड्यांत नायट्रोजन, फॉस्फरस आणि किड्यांच्या कवचाचं कायटिन भरपूर असतं. मुतातला युरिया सूक्ष्मजंतू फोडतात, अमोनिया सुटतो, त्यातल्या काहीचं पुढे नायट्रिक आम्ल होतं, आणि फॉस्फेट खाली झिरपून चुनखडीला किंवा चिकणमातीला जाऊन भिडतं. ओल्या गुहेत विद्राव्य माल सगळा वाहून जातो, मागे उरतात हायड्रॉक्सिलअॅपाटाइट, ब्रुशाइट, जिप्सम, टॅरानाकाइट. ही जगभर सापडतात, त्यांचं विशेष काही नाही. खरी दुर्मिळ ती पाण्यात पटकन विरघळणारी, आणि ती टिकायला वाळवंटच लागतं.

यातलं बरंचसं मूळ काम पश्चिम ऑस्ट्रेलियातलं, पीटर ब्रिज या खनिजशास्त्रज्ञाचं. १९७३ मध्ये त्याने टॉपिन हिल इथल्या ग्वानोतून युरिया हे खनिज म्हणून नोंदवलं. हो, तोच युरिया, जो पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं की पाणी सुटून गोळा होतो. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात १०० ग्रॅमच्या वर विरघळणारा पदार्थ निसर्गात खडा होऊन राहतो यावरूनच तिथल्या कोरडेपणाची कल्पना यावी. १९७४ मध्ये नलारबोर मैदानातल्या डिंगो डोंगा गुहेतून युरिसाइट म्हणजे स्फटिकी युरिक आम्ल, आणि १९७७ मध्ये मदुरा भागातल्या पेट्रोगेल गुहेतून आर्चेराइट. हे आर्चेराइट म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, थोडं अमोनियम मिसळलेलं. नारायणगाव-जुन्नरकडचा टोमॅटोवाला शेतकरी कृषी सेवा केंद्रातून ०-५२-३४ या खताची पिशवी आणतो ना, रसायन जवळपास तेच, आणि त्याच्याच जोडीला सापडणारं बायफॉस्फॅमाइट म्हणजे आपलं १२-६१-०. कारखान्यात टनावारी बनणारी गोष्ट निसर्गात इतकी दुर्मिळ असावी याचं नवल वाटतं खरं, पण कारण एकच, पाणी. त्याच पेट्रोगेल गुहेतून १९८३ मध्ये मुंड्राबिलाइट आलं, म्हणजे कॅल्शियम-अमोनियमचं फॉस्फेट.

मुळात ह्यांना खनिज म्हणायचं का, हा वाद जुना आहे. १८४५ मध्ये हांबुर्गला सेंट निकोलस चर्चचा पाया खणताना जुन्या शेणाउकिरड्याच्या थरात सापडलेले स्फटिक उलेक्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने स्ट्रुवाइट (मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेट) नावाने जाहीर केले, तेव्हाच उकिरड्यात तयार झालेली वस्तू खनिज कशी अशी कुरकुर झाली. तेच स्ट्रुवाइट आपल्या मुतखड्यातही असतं, पण मुतखड्यातलं खनिज धरत नाहीत आणि गुहेतलं धरतात. १९९५ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने जी व्याख्या पक्की केली तिचा मथितार्थ असा की निव्वळ शरीरात बनलेलं ते बाद, पण पुढे भूवैज्ञानिक प्रक्रियेचा हात लागला असेल तर चालेल, आणि गुहेतल्या वटवाघूळ-ग्वानोतून स्फटिक झालेले पदार्थ हे याचं उदाहरण म्हणूनच दिलं जातं. तरी प्रश्न सुटतो असं नाही. युरिया प्राण्याच्या शरीरातच बनतो, गुहेत तो फक्त सुकून स्फटिक होतो, मग भूवैज्ञानिक प्रक्रिया नक्की कोणती? नुसतं बाष्पीभवन? समुद्राकाठी मीठ तसंच बनतं आणि त्याला कोणी हरकत घेत नाही, त्यामुळे बाष्पीभवन पुरेसं धरणारी बाजू जास्त सयुक्तिक वाटते.

युरिसाइटचा घोळ वेगळाच. सस्तन प्राणी नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपात टाकतात, युरिक आम्ल हा पक्षी आणि किड्यांचा मामला, मग वाघळांच्या गुहेत ते आलं कुठून? खाल्लेल्या किड्यांच्या अंगातलं न पचता आलं असेल, किंवा घुबडांसारखे पक्षीही तिथे वस्तीला असतील. दोन्ही शक्य आहे, पहिलं अधिक.

अमेरिकेत अॅरिझोनातल्या थीबाजवळची रौली खाण वुल्फेनाइट या शिशाच्या खनिजासाठी संग्राहकांना आधीपासून माहीत होती, पण २०१७ पासून अँथनी काम्फ या खनिजशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तिथून ग्वानोजन्य नव्या खनिजांची रांगच लावली. रौलीआइट, फॉक्साइट, डेव्हिडब्राउनाइट, नॅट्रोसल्फाटोयुरिया, आणि अॅलँटोइन, जे युरिक आम्लाच्या विघटनातून येतं. फॉक्साइटमध्ये फॉस्फेट आणि ऑक्झलेट दोन्ही एकत्र आहेत, असं हे पहिलंच खनिज. रौलीआइटची रचना झिओलाइटसारखी पोकळ्यांची, फक्त सांगाडा सिलिकेटचा नसून व्हॅनेडियम-फॉस्फेटचा. वाघोलीच्या खाणीतलं व्हॅनेडियमचं निळं खनिज कॅव्हनसाइट पाहिलेल्या पुणेकराला व्हॅनेडियम आणि झिओलाइट ही जोडी नवी नाही, पण तिथे दोन्ही शेजारी नांदतात, इथे एकाच स्फटिकात. वयाचं म्हणाल तर खाण माणसाने खणलेली, त्यामुळे हे स्फटिक खाणकामानंतरचेच, भूशास्त्राच्या हिशेबात कालचे. माणसाने फक्त पोकळी केली, रसायन घातलं नाही, म्हणून ते मान्य होतात असं दिसतं. गुहांमधले थर मात्र हजारो वर्षांचे असू शकतात, पण त्यातली विद्राव्य खनिजं थराइतकीच जुनी धरू नयेत, एखादं ओलं वर्ष आलं की ती विरघळून परत बसतात.

पुणे परिसरात कार्ले-भाजे, जुन्नरच्या लेण्यांमध्ये वाघळं आहेतच, पण दगड बेसाल्ट, चुनखडी नाही, आणि पावसाळ्यातली हवा इतकी दमट की अमोनियमचे क्षार टिकण्याची आशा नको. बेसाल्टमुळे काही होत नाही असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरियात स्किप्टनच्या गुहा बेसाल्टमधल्या आहेत आणि न्यूबेरीआइट, हॅनेआइट ही मॅग्नेशियम फॉस्फेटं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथूनच नोंदवली गेली. ते वाळवंट नव्हे.

नामिबियात विंडहूकजवळच्या आर्नहेम गुहेतून १९९१ च्या सुमारास स्वाकनोआइट वर्णन केलं गेलं, रासायनिक घटक मुंड्राबिलाइटचेच, स्फटिकरचना वेगळी. तिथला ग्वानो कधीतरी जळलेला आहे आणि त्या राखेतून आर्नहेमाइट, पायरोकोप्रोआइट अशी पायरोफॉस्फेटं (फॉस्फेट तापून बनणारी संयुगं) सांगितली गेली, पण मान्य खनिजांच्या यादीत ती नाहीत.