ग्लेन कॅन्यन धरणातील प्रायोगिक पूर

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर असलेल्या ग्लेन कॅन्यन धरणातून अधूनमधून ठरवून आणि मोजून जो मोठा विसर्ग सोडला जातो, त्याला प्रायोगिक पूर म्हणतात. धरणाखालच्या ग्रँड कॅन्यनमधील वाळूच्या पुळणी पुन्हा उभ्या राहाव्यात आणि नदीतल्या मूळच्या माशांना आसरा मिळावा, हा त्याचा हेतू आहे.

कोलोरॅडो हे नाव स्पॅनिश असून त्याचा अर्थ तांबूस असा होतो. धरणापूर्वीची नदी खरोखरच त्या रंगाची होती. मार्च १९६३ मध्ये सुमारे २१६ मीटर उंचीच्या या धरणात पाणी अडू लागले आणि वरून येणारा गाळ लेक पॉवेल जलाशयाच्या तळाशी बसू लागला. वीजगृहाकडे जाणारे पाणी जलाशयाच्या खोल थरातून घेतले जात असल्याने पूर्वी उन्हाळ्यात २५ अंश सेल्सिअसच्या वर जाणारी गढूळ नदी जवळजवळ बारमाही थंड आणि नितळ झाली. आता वाळू येते ती मुख्यतः दोन उपनद्यांतून: धरणाखाली सुमारे २५ किलोमीटरवर मिळणारी पारिया आणि तिच्याही खाली सुमारे १०० किलोमीटरवर मिळणारी लिटल कोलोरॅडो.

ही वाळू पात्राच्या तळाशी असते. तिला काठावर चढवायला पूरच लागतो. ओहोळांनी आणलेल्या दगडगोट्यांच्या ढिगाऱ्यांपाशी नदी आकसते आणि त्यांच्या खालच्या अंगाला प्रवाह उलटा फिरून भोवरे तयार होतात. पुराच्या वेगाने तळातून उचललेली वाळू या संथ फिरत्या पाण्यात खाली बसते आणि पाणी ओसरल्यावर तिथे कोरडी पुळण उघडी पडते. मात्र विजेच्या मागणीनुसार रोज चढउतार करणारा प्रवाह तीच पुळण पुढच्या काही महिन्यांत कुरतडू लागतो.

१९९२ च्या ग्रँड कॅन्यन संरक्षण कायद्यानंतर, मार्च १९९६ च्या अखेरीस ४५,००० क्युसेकचा पहिला पूर सात दिवस चालवण्यात आला. त्यातील वीजगृहाच्या क्षमतेपलीकडचे पाणी चार मोठ्या विमोचक नळांतून पांढऱ्या झोतांनी नदीत कोसळत होते. त्या पाण्यावर वीज होत नाही, आणि या प्रयोगाची मुख्य किंमत तीच आहे. उपनद्यांची वाळू तळाशी वर्षानुवर्षे साठून राहते, असा तेव्हाचा समज होता. प्रत्यक्षात ती काही महिन्यांतच वाहून जाते, आणि त्या पुराने नव्या वाळूऐवजी बऱ्याच अंशी जुन्याच पुळणींची वाळू ओढून नेली. म्हणून नोव्हेंबर २००४ चा पूर पारियाने ताजी वाळू आणल्यावर सोडला गेला, आणि २०१२ पासून उपनद्यांनी किती वाळू आणली त्यावरच पुराचा निर्णय घेण्याची पद्धत पडली. या सगळ्या उपक्रमातून मिळालेले हे सर्वांत मोलाचे ज्ञान आहे, असे म्हणायला हरकत नाही: पाणी कितीही असो, वाळू नसेल तर पूर नदीला आणखी गरीबच करतो.

माशांचे गणित अधिक अवघड आहे. डोक्यामागे गुळगुळीत कुबड असलेला, बारीक डोळ्यांचा हम्पबॅक चब हा इथला मूळचा मासा मुख्यतः लिटल कोलोरॅडोच्या उबदार पाण्यात वीण घालतो. मुख्य नदीचे थंड पाणी त्याच्या पिलांची वाढ खुंटवते. पुळणींमागच्या उथळ, निवांत डबक्यांत ही पिले वाढतील अशी आशा होती, पण मार्च २००८ च्या पुराने बाहेरून आणलेल्या रेनबो ट्राउटचीच संख्या वाढली, आणि ट्राउट चबची पिले खातो. त्यामुळे वसंताऐवजी शरदातले पूर पसंत केले जाऊ लागले. वाळू आणि मासे यांना एकच पूर मानवतो असे नाही, हे इथे मान्य करावे लागते. चबची स्थिती मात्र सुधारली आणि २०२१ मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गातून कमी धोक्याच्या वर्गात आणले गेले. त्यात जलाशयाची पातळी खाली गेल्याने थोडे उबदार झालेल्या पाण्याचाही वाटा मानला जातो.

त्याच उबदार पाण्याने नवे संकट आणले. जलाशयातून निसटलेला स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा २०२२ मध्ये धरणाखाली वीण घालताना आढळला. एप्रिल २०२३ मध्ये ३९,५०० क्युसेकचा पूर ७२ तास सोडल्यानंतर विमोचक नळांच्या आतील पृष्ठभागाची झीज झाल्याचे दिसले, कारण जलाशयाची पातळी फार खाली होती. तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात याच नळांतून खोलवरचे थंड पाणी सोडून नदी निववण्यात आली, जेणेकरून बासची वीण थांबावी. ज्या थंडाव्याने चबचे एकेकाळी नुकसान केले होते, तोच आता त्याच्या रक्षणासाठी वापरला गेला.