पुरवठादार नेमका कोण? खरेदीतल्या बॉटमागचा इतिहास

खरेदी विभागात बसणाऱ्या माणसाचा दिवस जवळून पाहिला, तर त्यात प्रत्यक्ष खरेदी फार थोडी दिसते. भाव ठरवणे, पुरवठादार पारखणे, करार करणे ही त्याची खरी कामे, पण दिवस खाऊन टाकते ते माहिती उतरवून घेण्याचे काम. ईमेलने आलेले बिल उघडायचे, त्यावरचा खरेदी आदेशाचा क्रमांक ईआरपीत, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत, शोधायचा, माल पोचल्याची नोंद झाली आहे का ते पाहायचे, रक्कम टाकायची आणि पुढचे बिल घ्यायचे. नवा पुरवठादार आला की त्याचा फॉर्म, कर नोंदणी, बँकेचे तपशील एका खिडकीत वाचून दुसऱ्या खिडकीत टाइप करायचे. रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन, म्हणजे आरपीए, नेमके याच जागी येऊन बसले. यातला रोबो हे एक सॉफ्टवेअर असते. ते माणसासारखे लॉगिन करते, स्क्रीनवरचे रकाने वाचते, बटणे दाबते, मजकूर भरते आणि केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवते. लोक त्याला सरळ बॉट म्हणतात.

मुळात हे उतरवून घेण्याचे काम उरलेच का? संगणक येऊन इतकी दशके झाली, तरी एका यंत्रातली माहिती दुसऱ्या यंत्रात माणसाला का न्यावी लागते? बॉटची पार्श्वभूमी या प्रश्नातच आहे.

खरेदीची शिस्त संगणकाहून जुनी आहे. काय मागवले ते सांगणारा खरेदी आदेश, काय आले ते सांगणारी माल पावती आणि किती पैसे हवेत ते सांगणारे बिल, हे तीन कागद एकमेकांशी जुळले तरच पैसे द्यायचे. मागवणारा, माल उतरवून घेणारा आणि पैसे देणारा हे तिघे वेगळे असावेत, म्हणजे एकट्याला लबाडी करता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. आजच्या भाषेत याला थ्री-वे मॅच म्हणतात. हे तीन कागद तीन वेगळ्या हातांत आणि बहुधा तीन वेगळ्या पद्धतींत तयार होतात, म्हणून त्यांना जुळवणारा कोणीतरी कायम लागत आला.

कागद जुळवण्याची कटकट मोठ्या प्रमाणावर कुठे अनुभवास आली, तर बर्लिनमध्ये. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवली आणि अन्नापासून कोळशापर्यंत सगळे विमानाने न्यावे लागले. मालाच्या याद्या वेगवेगळ्या नमुन्यांत आणि भाषांत येत. अमेरिकी लष्करातील एडवर्ड गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलेक्स, रेडिओ किंवा टेलिफोन, कशावरूनही पाठवता येईल असा यादीचा एकच नमुना ठरवला. पुढे ड्यूपाँ कंपनीत असताना गिल्बर्ट यांनी हीच कल्पना व्यापारी मालवाहतुकीत आणली. १९६८ मध्ये अमेरिकेत वाहतूक क्षेत्राची समन्वय समिती स्थापन झाली, १९७९ मध्ये व्यापारी कागदांच्या संगणकी नमुन्यांची एक्स-१२ प्रमाणके तयार करणारी समिती आली आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली एडिफॅक्ट हे तसेच आंतरराष्ट्रीय प्रमाणक. खरेदी आदेश आणि बिल एका संगणकातून दुसऱ्यात थेट जावे, या पद्धतीला ईडीआय (इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज) हे नाव पडले.

ईडीआयने मोठे काम केले आणि आजही करते. पण प्रत्येक पुरवठादाराशी जोडणी करायला वेळ आणि पैसा लागतो. वर्षाला हजारो आदेश देणाऱ्या-घेणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना ते परवडते. वर्षातून चार बिले पाठवणाऱ्या छोट्या पुरवठादाराला परवडत नाही, म्हणून तो कागदावर राहिला, मग फॅक्सवर आला, मग ईमेलला जोडलेल्या पीडीएफवर. खरेदी विभागातल्या टायपिंगचा मोठा वाटा या मागे राहिलेल्या पुरवठादारांचा आहे. त्यांना मागासलेले ठरवणे मला अन्यायाचे वाटते. जोडणीचा हिशेब मोठ्यांच्या सोयीने मांडला गेला होता.

दुसरी आशा ईआरपीची. एसएपी ही कंपनी आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ मध्ये जर्मनीत सुरू केली आणि १९९२ मध्ये तिची आर/३ ही प्रणाली आली. खरेदी, साठा, हिशेब सगळे एकाच डेटाबेसवर चालेल, म्हणजे तेच ते पुन्हा भरावे लागणार नाही, असे तिचे वचन होते. कंपनीच्या आत ते बऱ्याच अंशी खरे ठरले. मात्र २००० साल जवळ येताना तारखांच्या अडचणीच्या धास्तीने अनेक कंपन्यांनी घाईघाईने जुन्या प्रणाली बदलल्या आणि पुरवठादारांच्या जुन्या याद्या न झाडता तशाच नव्या घरात नेल्या. नंतर विलीनीकरणे झाली, एका कंपनीत दोन-तीन ईआरपी नांदू लागल्या आणि एकच पुरवठादार प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोडखाली, थोड्या वेगळ्या नावाने राहू लागला. कुठे नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’, कुठे ‘लि.’, कुठे नुसतेच नाव.

ही गोष्ट दिसते त्याहून महाग पडते. बिल दुसऱ्यांदा आले आहे का, हे प्रणाली सहसा व्हेंडर कोड (पुरवठादाराला दिलेला कोड), बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम यांवरून तपासते. पुरवठादाराचे दोन कोड असतील, तर तेच बिल दोन्हींवर बिनबोभाट चढते आणि पैसे दोनदा जातात. शिवाय एकाच पुरवठादाराकडून एकूण किती घेतो हे कळत नाही, म्हणून भाव करताना हाती असलेले बळ वापरता येत नाही.

दोन नोंदी एकाच्याच आहेत का, हा प्रश्न खरेदीच्या जगाने शोधलेला नाही. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये अमेरिकेत नावांच्या उच्चारावरून कोड बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तीच साउंडेक्स पद्धत पुढे जनगणनेच्या नोंदी शोधण्यासाठी वापरली गेली. १९६५ मध्ये व्लादिमिर लेव्हनश्टाइन यांनी एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतील, यावरून दोन शब्दांतले अंतर मोजले. १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर या सांख्यिकीतज्ज्ञांनी कॅनडात नोंदी जुळवण्याचा सिद्धांत मांडला. त्यांनी नोंदींच्या जोड्यांचे तीन ढीग केले. जुळणाऱ्या, न जुळणाऱ्या आणि ज्यांचा निकाल माणसाने पाहून लावावा अशा. हा तिसरा ढीग मला फार प्रामाणिक वाटतो. तो त्यांनी पद्धतीचाच भाग म्हणून ठेवला होता.

दुसरा मार्ग प्रत्येकाला एक क्रमांक देण्याचा. १८३७ च्या आर्थिक संकटानंतर ल्यूइस टॅपन यांनी १८४१ मध्ये न्यू यॉर्कला व्यापाऱ्यांची आर्थिक पत किती याची माहिती गोळा करणारी संस्था काढली. त्याच वंशातल्या डन अँड ब्रॅडस्ट्रीटने १९६०च्या दशकात डन्स हा ९ अंकी क्रमांक आणला. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळली, तेव्हा कोणत्या कंपनीचे कोणाकडे किती अडकले आहे हे पटकन सांगता येईना. त्यातून कंपन्यांची ओळख सांगणारा २० अक्षर-अंकांचा एलईआय क्रमांक आला आणि तो सांभाळायला २०१४ मध्ये जागतिक संस्था स्थापन झाली. अमेरिकेच्या संघीय सरकारने ४ एप्रिल २०२२ रोजी डन्स सोडून स्वतःचा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक घेतला. त्या दिवशी सरकारी कंत्राटदारांच्या कित्येक याद्यांत एक रकाना बदलावा लागला. क्रमांक देणे सोपे, पण तो हजारो जुन्या नोंदींपर्यंत पोचवणे हे पुन्हा उतरवून घेण्याचेच काम.

बॉटचे पूर्वज मात्र वेगळ्याच घरातले आहेत. १९७१ मध्ये आयबीएमचे ३२७० टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेला स्क्रीन आणि कीबोर्ड, आले. मोठ्या संगणकाच्या आत हात घालता येत नसेल, तर टर्मिनलच्या स्क्रीनवर दिसणारी अक्षरे उचलायची, ही युक्ती पुढे रूढ झाली. १९९३ मध्ये एक्सेलमध्ये व्हीबीए ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा आली आणि कचेऱ्यांत मॅक्रो, म्हणजे तीच ती कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिणारी हुशार मंडळी तयार झाली. खरेदी विभागातली बरीच खरी स्वयंचलितता त्यांनीच उभी केली, आणि त्यांची कुठे नोंद नाही याची खंत वाटते. त्या मॅक्रोंचा दोष एकच होता. लिहिणारा बदलून गेला की तो चालवणे कोणाला जमत नसे आणि त्याने काय बदलले याचा मागही राहत नसे. एन्रॉनसारख्या घोटाळ्यांनंतर २००२ मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. कोणी काय मंजूर केले हे दाखवणे भाग पडले आणि असा माग न ठेवणारी साधने अडचणीची ठरली.

ब्लू प्रिझम ही बॉट बनवणारी ब्रिटिश कंपनी २००१ मध्ये सुरू झाली. तिचा भर बॉट मध्यवर्ती सर्व्हरवरून चालवण्यावर आणि त्याच्या प्रत्येक पावलाची नोंद ठेवण्यावर होता. रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन हे नावही तिनेच २०१२ च्या सुमारास रुळवले. याच क्षेत्रातली ऑटोमेशन एनीव्हेअर २००३ मध्ये कॅलिफोर्नियात वेगळ्या नावाने उभी राहिली. यूआयपाथ २००५ मध्ये बुखारेस्टमध्ये डेस्कओव्हर म्हणून सुरू झाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासात नोंदवलेल्या ओ-टू या दूरसंचार कंपनीने २०१५ पर्यंत १६० हून अधिक बॉट लावले होते आणि ते महिन्याला ४ ते ५ लाख व्यवहार हाताळत होते. मग मोठ्या कंपन्या वळल्या. एसएपीने २०१८ मध्ये काँटेक्स्टर ही फ्रेंच कंपनी घेतली. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये सॉफ्टोमोटिव्ह घेतली आणि २०२१ मध्ये विंडोज १० वापरणाऱ्यांना डेस्कटॉप बॉट विनामूल्य दिला.

खरेदीत बॉट आधी आले ते बिलांवर. कारण समजण्यासारखे आहे. बिले मोजता येतात आणि दिवसाला किती झाली हे बैठकीत दाखवता येते. पुरवठादारांची यादी साफ झाल्याचा आकडा तसा दाखवता येत नाही. माझ्या मते हा क्रम उलटा पडला. बिलावर बसवलेला बॉट मास्टरमधल्या, म्हणजे पुरवठादारांच्या मूळ यादीतल्या, नोंदी खऱ्या मानून चालतो. नोंद चुकीची असेल तर तो ती चूक दमल्याशिवाय, रात्रीसुद्धा, पुन्हा पुन्हा करतो.

पुरवठादार मास्टरवर बॉट काय करू शकतो हे बँक खात्याच्या उदाहरणावरून नीट कळते. अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या आयबॅन या आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकात सुरुवातीला देशाची दोन अक्षरे आणि मग दोन पडताळणी अंक असतात. पहिली चार चिन्हे शेवटी नेऊन, अक्षरांचे ठरलेले अंक करून, आलेल्या संख्येला ९७ ने भागले की बाकी १ उरली पाहिजे. माणसाची नजर चुकवणारा अंकांचा घोळ बॉट क्षणात पकडतो. तसेच कर नोंदणी अजून चालू आहे का हे सरकारी संकेतस्थळावर पाहणे, प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी पुरवठादाराला पत्र धाडणे, निर्बंधांच्या यादीशी नावे ताडून पाहणे, ही कामे त्याने रोज करावीत.

पण खाते बरोबर लिहिले आहे आणि खाते बरोबर माणसाचे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एका माणसाने लॅटव्हियात तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्या पुरवठादाराच्याच नावाची कंपनी नोंदवली आणि बनावट बिले व ईमेल पाठवून गूगल आणि फेसबुककडून मिळून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आपल्या खात्यांत वळवली. २०१९ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने त्याला ५ वर्षांची शिक्षा दिली. बाकी १ आल्याने असा डाव पकडता येत नाही. म्हणूनच खात्याचे नाव आणि क्रमांक बँकेनेच ताडून पाहण्याची सोय ब्रिटनमध्ये २०२० पासून सुरू झाली आणि युरो क्षेत्रातील बँकांवर ९ ऑक्टोबर २०२५ पासून ती बंधनकारक झाली.

इथेच जुन्या तीन कागदांची शिस्त नव्या रूपात परत येते. बॉटलाही स्वतःचा यूजर आयडी, स्वतःच्या परवानग्या लागतात. सोयीसाठी एकाच बॉटला पुरवठादार तयार करण्याचे, बिल चढवण्याचे आणि पैसे सोडण्याचे अधिकार दिले, तर तिघांचे काम एकाच हातात गेले. बॉट स्वतः लबाडी करत नाही, पण त्याचा पासवर्ड ज्याच्या हाती पडेल तो करू शकतो. बॉटचा मालक कोण हे नीट लिहून ठेवणाऱ्या विभागांना स्क्रीनचा रकाना सरकून बॉट बंद पडल्याचाही कमी त्रास होतो, कारण कोणाला हाक मारायची हे ठाऊक असते.

पुढचा टप्पा बिलांच्या बाजूने सुरू झाला आहे. डेन्मार्कने २००५ पासून सरकारी खात्यांसाठी इलेक्ट्रॉनिक बिल आवश्यक केले, इटलीने १ जानेवारी २०१९ पासून देशांतर्गत जवळजवळ सर्व व्यवहारांसाठी. असे बिल ठरलेल्या रचनेत येते, पीडीएफवरची अक्षरे ओळखण्याचे कामच उरत नाही. भाषा समजणारी नवी मॉडेल उरलेले कागदही वाचू लागली आहेत. एवढे सगळे झाल्यावरही नीटनेटके आलेले बिल ईआरपीच्या दारात थांबते आणि कोणत्या व्हेंडर कोडवर चढायचे ते विचारते. नावांमधले अंतर थोडे असेल, पत्ता जुळत असेल आणि बँक खाते मागच्या आठवड्यातच बदललेले असेल, तर ती जोडी बॉटने फेलेगी आणि सन्टर यांच्या तिसऱ्या ढिगात ठेवायची असते. मग विभागातला कोणीतरी नव्या ईमेलमधला नंबर बाजूला ठेवतो आणि आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर पुरवठादाराला फोन लावतो.