गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर थाप मारा

मागच्या जुलैत आमच्या भांडुपच्या सोसायटीत सकाळी सकाळी एका गाडीतून म्याव म्याव ऐकू यायला लागलं, बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या बाजूला मुठीएवढं पिल्लू, चिंब भिजलेलं. शेजारचे काका म्हणाले, "अरे, मुंबईत कुठली आलीय थंडी, इंजिनात शिरायला?" प्रश्न बरोबर आहे. इथे जानेवारीतसुद्धा रात्री 16-17 अंश म्हणजे आपण स्वेटर काढतो, सांताक्रूझचा नीचांक 7.4 अंश, तोही 22 जानेवारी 1962 चा. मग ऐन पावसाळ्यात 25 अंशांत ऊब कशाला लागते?

तर थंडी आपल्या अंगाने मोजायची नसते. मांजराच्या अंगाचं तापमान 38-39 अंश असतं आणि बाहेर साधारण 30 च्या खाली गेलं की ते टिकवायला त्याला जास्तीची एनर्जी खर्च करावी लागते, म्हणजे मुंबईतली पावसाळी रात्र त्याच्यासाठी गारच. त्यात भिजलं की संपलंच, कारण केसांत अडकलेली हवा हीच त्याची गोधडी आणि तिथे पाणी शिरलं की उष्णता भराभर बाहेर जाते, पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीसेक पट सहज वाहते. पिल्लांचे हाल तर फारच, इवलंसं वजन आणि त्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, आणि पहिले तीन-चार आठवडे तर स्वतःचं तापमान सांभाळताच येत नाही, आईला आणि भावंडांना चिकटून राहतात ते त्यासाठीच.

आता इंजिन बघा. चालू गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला त्यातून फिरणारं पाणीमिश्रित द्रव, 90 अंशांच्या आसपास असतं. गाडी बंद केली की त्याचं फिरणं थांबतं, उष्णता आतच कोंडते आणि थोडा वेळ तापमान उलट वाढतंच, मग हळूहळू उतरतं. हळू का, तर धातूचा एवढा मोठा गोळा, शिवाय कूलंटमध्ये पाणी आणि पाणी लोखंडापेक्षा किलोमागे नऊ पट उष्णता धरून ठेवतं. म्हणून रात्री दहाला लावलेली गाडी उशिरापर्यंत कोमट राहते. वर बॉनेटचं छप्पर, कुत्रे पोचत नाहीत, आणि चाकाच्या बाजूने चढायला वाट असतेच.

उंदीर पण येतात. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, कुरतडणं थांबत नाही आणि वायरी तिथे आयत्याच मिळतात. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, पण तो दरवेळी उबेसाठीच शिरतो असं नाही, अंधारी चिंचोळी जागा त्याला तशीही आवडते. सप्टेंबर 2020 मध्ये चुनाभट्टीजवळ ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर एका गाडीच्या चाकापाशी दहा फुटी अजगर अडकलेला सापडला होता. असं काही दिसलं तर हात घालू नका, वनविभागाच्या 1926 ला फोन करा.

मांजरासाठी मात्र दहा सेकंद पुरतात, बॉनेटवर दोन-तीन जोरात थापा, एक हॉर्न, थोडं थांबायचं, मग स्टार्टर. पावसाळ्यात तर रोजच करा, कारण फॅन आणि बेल्ट एकदा फिरायला लागले की पिल्लाला पळायला वेळच मिळत नाही.

आमच्या पिल्लाला बाहेर काढायला पाऊण तास लागला, शेवटी वॉचमनच्या डब्यातल्या बांगड्याच्या तुकड्यावर आलं. कोरड्या टॉवेलात गुंडाळून जिन्याखाली ठेवलं, आणि दुपारी त्याची आई तिथे येऊन त्याला चाटत बसली होती.