समोरच्या काचेची दुरुस्ती : टवका, तडा आणि चिकटद्रव यांमागचा इतिहास

समोरून उडालेला खडा मोटारीच्या काचेवर आदळतो आणि टवका पडतो, तेव्हा मालकापुढे दोनच वाटा असतात. एक तर त्या जागी रेझिन, म्हणजे घट्ट होणारा पारदर्शक द्रव, भरून घ्यायचे किंवा काच पूर्ण बदलायची. काच बदलली तर कारागीर काही अटी घालतो. गाडी अमुक वेळ जागची हलवू नका, चारही बाजूंना लावलेल्या चिकटपट्ट्या लगेच काढू नका, काचेमागच्या कॅमेऱ्याचे अंशांकन, म्हणजे त्याची नेमकी जुळणी, झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, अशा त्या अटी असतात. घाईत असलेल्या माणसाला त्या जाचक वाटतात. प्रत्यक्षात यातली एकही अट कोणाच्या लहरीतून आलेली नाही. काचेची किंवा ती बसवण्याच्या पद्धतीची उणीव अपघातांमधून उघडी पडत गेली आणि तिच्यावर शोधलेला उपाय पुढे कामाचा नियम झाला. हा क्रम समजला, तर दुरुस्ती कुठवर पुरेशी आहे आणि काच बदलणे कधी भागच आहे, याचाही उलगडा होतो.

सुरुवातीच्या मोटारींना समोर काच नसेच. चालक डोळ्यांवर गॉगल चढवून वारा आणि धूळ झेलत असे. पुढे चौकटीत बसवलेली सपाट काच आली, पण ती घराच्या खिडकीला असते तशी साधीच होती. फुटली की नव्या आकारात कापायची आणि चौकटीत सरकवायची, एवढाच तिच्या बदलाचा खटाटोप होता. खरा धोका तिच्या फुटण्यात होता, कारण साध्या काचेचे लांब, धारदार तुकडे होतात आणि धडक बसल्यावर पुढे फेकला जाणारा माणूस नेमका त्यांच्यावर जाऊन आदळतो. त्या काळातल्या अपघातांत चेहऱ्याला आणि गळ्याला झालेल्या जखमांचे हेच मुख्य कारण होते.

यावरचा उपाय फ्रान्समध्ये सापडला. एद्वार बेनेडिक्टस या कलावंत-रसायनज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक काचेचे भांडे खाली पडले. ते तडकले, पण विखुरले नाही, कारण आत पूर्वी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण सुकून भांड्याच्या भिंतीवर त्याचा पातळ पापुद्रा उरला होता. ही हकिकत आजही सांगितली जाते. त्यांनी १९०९ मध्ये दोन काचांच्या मध्ये असा पापुद्रा दाबून बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि ‘ट्रिप्लेक्स’ या नावाने ती काच बाजारात आली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसाठी तिचा वापर झाला. मोटारींमध्ये ती सर्वसामान्य व्हायला मात्र वेळ लागला. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीला समोर अशी सुरक्षित काच होती, ही त्या प्रवासातली मोठी पायरी होय.

या पहिल्या स्तरित काचेत एक दोष होता. उन्हाने सेल्युलोज नायट्रेट पिवळे पडे आणि काच हळूहळू गढूळ होई. त्याच्या जागी सेल्युलोज ॲसिटेट आणि नंतर, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पॉलिव्हिनिल ब्युटिरल हे लवचीक प्लास्टिक आले. हा थर पारदर्शक राहतो, ताणला जातो आणि काचेला घट्ट धरून ठेवतो. आजही दोन काचांमध्ये तोच असतो. १९६६ च्या सुमारास अमेरिकी गाड्यांमध्ये त्याची जाडी सुमारे ०.३८ मिलिमीटरवरून ०.७६ मिलिमीटर करण्यात आली, कारण आधीच्या पातळ थरातून डोके आरपार जाई आणि भोकाच्या कडा मानेला कापत. थर जाड केला, तसेच त्याची काचेवरची पकड मुद्दाम थोडी सैल ठेवली. त्यामुळे धडकेत तो चटकन फाटत नाही, ताणला जातो आणि धक्का स्वतःत सामावून घेतो.

दुरुस्ती शक्य झाली ती या स्तरित रचनेमुळेच. कडक केलेली, म्हणजे टफन्ड, काच युरोपात समोर बऱ्याच उशिरापर्यंत वापरात होती. तिच्यात सर्वत्र अंतर्गत ताण असतो, त्यामुळे एका खड्याच्या आघातानेही ती क्षणात बारीक तुकड्यांनी भरून जाते आणि चालकाला समोरचे दिसेनासे होते. तिथे दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. स्तरित काचेत बाहेरचा सुमारे दोन मिलिमीटरचा थर तडकतो, मधला थर आघात अडवतो आणि आतली काच बहुतेक वेळा शाबूत राहते. म्हणजे इजा बाहेरच्या थरापुरती असते आणि ती भरून काढता येते.

ती भरायची घाई का, याचे उत्तर काचेच्या विज्ञानात आहे. इंग्लंडमधील फार्नबरो येथे विमानांच्या संशोधनात गुंतलेल्या ॲलन ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले, की काचेचे प्रत्यक्ष बळ तिच्या सैद्धांतिक बळापेक्षा फार कमी असते, कारण तिच्यातल्या सूक्ष्म तड्यांच्या टोकाशी ताण एकवटतो. त्यात पाणी शिरले, की त्या टोकाशी काचेतले बंध अधिक सहज तुटतात आणि सततच्या ताणाखाली तडा हळूहळू पुढे सरकतो. उन्हात तापलेल्या काचेवर अचानक गार पाणी किंवा वातानुकूलनाची हवा आली, खड्ड्यातून गाडीची चौकट थोडी पिळवटली, की नखाएवढी खूण हातभर लांब होते. म्हणूनच टवका ताजा, कोरडा आणि स्वच्छ असतानाच भरणे हिताचे. तोपर्यंत त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून धूळ आणि पाणी आत जाऊ न देणे, हे कोणालाही करता येण्याजोगे काम आहे.

रेझिन भरण्याची व्यावसायिक पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत रुजली. टवक्यावर छोटे उपकरण घट्ट बसवतात आणि आधी आतली हवा शोषून घेतात. मग पातळ रेझिन दाबाने ढकलतात, पुन्हा शोषतात, पुन्हा दाबतात आणि तड्यांच्या बारीक टोकांपर्यंत ते पोहोचले, की अतिनील प्रकाशाने घट्ट करतात. रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे प्रमाण, काचेच्या जवळपास असतो, त्यामुळे प्रकाश पूर्वीसारखा विखुरत नाही आणि खूण पुसट होते. पण ती नाहीशी होत नाही. पूर्ण नाहीशी करून देतो असे सांगणाऱ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. दुरुस्तीचा खरा हेतू तडा थांबवणे आणि बळ बऱ्याच अंशी परत आणणे हा असतो, सुबकपणा दुय्यम असतो.

दुरुस्ती कुठे थांबवायची, याच्या मर्यादाही अनुभवाने ठरल्या. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीत सुकाणूच्या रेषेत काचेवर २९० मिलिमीटर रुंदीचा उभा पट्टा धरतात. त्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी आणि वायपर फिरणाऱ्या बाकीच्या भागात ४० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा मान्य होत नाही. चालकाच्या नजरेसमोरची थोडीशी विकृतीही रात्री समोरच्या दिव्यांचा चकाकता गोळा करते, हे त्यामागचे कारण आहे. काचेच्या काठापर्यंत पोहोचलेला तडा, आतल्या काचेपर्यंत गेलेली इजा आणि मधल्या थरात ओल शिरून पांढुरके झालेले डाग, या स्थितींत भरणा करत बसण्यात अर्थ नाही.

काच बदलण्याचा इतिहास मात्र चिकटद्रवाचा आहे. पूर्वी काच रबरी पट्टीत अडकवली जाई आणि कुशल माणूस दोरीच्या साहाय्याने ती थोड्या वेळात बसवत असे. धडकेत मात्र ती सहज निखळे, आणि तिच्या मागोमाग प्रवासीही गाडीबाहेर फेकले जात. अमेरिकेत १९७० च्या सुमारास लागू झालेल्या नियमाने समोरून ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेतही काचेचा ठरावीक परीघ जागेवर राहिलाच पाहिजे, असे बंधन घातले. या काळात पॉलियुरेथेन चिकटद्रव पुढे आला आणि काच थेट पत्र्याला जोडली जाऊ लागली. त्यामुळे ती गाडीच्या सांगाड्याचाच भाग झाली. छत चेपण्याला विरोध करण्यात तिचा हातभार असतो. बहुतेक गाड्यांत प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग फुगताना काचेवर टेकून मग प्रवाशाकडे वळते. काच निघाली, तर एअरबॅगला आधारच उरत नाही.

पॉलियुरेथेन हवेतील आर्द्रतेने घट्ट होतो आणि थंड, कोरड्या हवेत हे फार संथ चालते. त्यामुळे गाडी चालवण्यापूर्वी किती वेळ थांबायचे, हे त्या विशिष्ट चिकटद्रवाच्या उत्पादकानेच सांगायचे असते. दुकानातल्या घड्याळाला त्यात मत नाही. जुनी काच काढताना पत्र्यावरचा जुना चिकटद्रव पूर्ण खरवडून काढत नाहीत. एक-दोन मिलिमीटरचा ताजा कापलेला थर ठेवतात, कारण नव्या थराची पकड त्याच्यावर उत्तम बसते. हत्याराने रंगावर ओरखडा उमटला, तर तिथे प्राइमर, म्हणजे गंज रोखणारा अस्तर-लेप, लावावा लागतो, नाहीतर पुढे गंज जोडाखाली सरकतो आणि जोड बाहेरून शाबूत दिसत असताना आतून सुटतो. नव्या काचेच्या काळ्या किनारीला बोटे लावायची नाहीत, कारण हातांचे तेल पकड बिघडवते. ती किनार शोभेसाठी नसते. उन्हातील अतिनील किरणांपासून ती चिकटद्रवाला वाचवते.

गेल्या दीड-दोन दशकांत काचेच्या वरच्या भागामागे कॅमेरे आले. मार्गिका ओळखणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्यांच्यावर अवलंबून असते. कॅमेरा आपल्या जागेवरून अंशभर जरी वळला, तरी दूरवरच्या गाडीचा अंदाज काही मीटरने चुकू शकतो. म्हणून काच बदलल्यानंतर ठरावीक अंतरावर ठेवलेल्या फलकांपुढे किंवा ठरावीक परिस्थितीत गाडी चालवून पुन्हा अंशांकन करावे लागते. ते केल्याची लेखी नोंद मागून घेणे आणि बसवलेली काच त्या गाडीच्या सेन्सरसाठीच बनलेली आहे ना, हे विचारणे मालकाच्या हातात आहे.