ड्रायर: ओल्या हवेतली ऊब परत मिळवताना

१ जुलै २०२५ पासून युरोपीय संघात नव्याने बाजारात येणारे कपडे वाळवणारे विजेवरचे घरगुती ड्रायर व्यवहारात हीट पंपाचेच, म्हणजे ओल्या हवेतली उष्णता पुन्हा वापरणारेच, असतात. नियमाने जुन्या प्रकारावर नाव घेऊन बंदी घातलेली नाही. वीजवापराची मर्यादाच इतकी कडक केली की नुसत्या हीटरचे यंत्र तिच्यात बसत नाही.

सुरुवात शेगडीजवळ झाली. ओहायोतल्या डेटनचे कृष्णवर्णीय संशोधक जॉर्ज सॅम्प्सन यांना १८९२ मध्ये शेगडीच्या उबेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचे पेटंट मिळाले. १९३८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स इथल्या हॅमिल्टन कंपनीने जे. रॉस मूर यांच्या कल्पनेवरून फिरत्या ड्रमचे यंत्र विकायला काढले. पुढे कित्येक दशके तीच रीत राहिली: खोलीतली हवा ओढायची, तापवायची, कपड्यांतून एकदाच फिरवायची आणि नळीने घराबाहेर सोडायची. खरी नासाडी इथेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन तृतीयांश युनिट ऊर्जा लागते आणि ती सगळी वाफेबरोबर बाहेर जाते. थंडीत तर घर उबदार ठेवणारी हवाही तिच्यासोबत निघून जाते. म्हणूनच वॉशिंग मशीनमध्ये कपडे जोरात पिळून घेणे हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नव्या गॅस ड्रायरमधली बर्नर पेटवण्यासाठी सतत जळत ठेवलेली छोटी पायलट ज्योत हद्दपार केली. १९९४ पासून किमान कार्यक्षमतेची अट आली. पण चाचणीतच खोट होती. कपडे किंचित दमट असतानाच यंत्र हाताने थांबवत आणि उरलेला हिशेब ठरावीक गुणकाने पुरा करत. त्यामुळे कपडे वाळल्यावर यंत्र बंद करणारा सेन्सर चांगला की वाईट, हे आकड्यांत दिसतच नसे. घरोघरी मात्र वाळलेले कपडे उगाच तापत राहत. ही उणीव दूर करणारी चाचणी २०१३ मध्ये आली. इतका उशीर समर्थनीय नाही. त्याची किंमत ग्राहकांनी वीजबिलातून मोजली.

युरोपने १९९५ मध्येच ड्रायरवर ऊर्जा-लेबल सक्तीचे करण्याचा निर्देश काढला. १९९७ मध्ये एईजीने हीट पंपाचा घरगुती ड्रायर आणला. त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. ओली हवा थंड कॉइलवरून जाताना पाणी सोडते, त्यातून मिळालेली उष्णता गरम कॉइलमार्फत पुन्हा त्याच हवेत येते. साध्या कंडेन्सर ड्रायरच्या (हवा बाहेर न सोडता तिच्यातली वाफ थंड करून पाणी साठवणाऱ्या, पण हीटरवर चालणाऱ्या यंत्राच्या) जवळपास निम्म्या विजेत काम भागते. तापमान कमी असल्याने कापडही कमी झिजते. वेळ जास्त लागतो आणि किंमतही जास्त पडते, म्हणून प्रसार सावकाश झाला. त्याला जोर आला तो नियमांमुळे. स्वित्झर्लंडने २०१२ पासूनच फक्त हीट पंपालाच जमेल अशी अट घातली होती.

अमेरिकेने २०२४ मध्ये, २०२८ पासून लागू करण्यासाठी ठरवलेली किमान कार्यक्षमतेची पातळी मात्र चांगला सेन्सर असलेले, हवा बाहेर सोडणारे यंत्रही गाठू शकते.