दुब्रोवनिक: वेशीवर मोजदाद ठेवणारे शहर

जहाज लोकरूम बेटाच्या आडोशाला नांगर टाकते आणि खालच्या डेकवरून होड्या सुटू लागतात. मोठी क्रूझ जहाजे खरे तर तीनेक किलोमीटरवरच्या ग्रूझ बंदरात लागतात. पण धक्का भरलेला असला की काही जहाजे बाहेरच थांबतात आणि माणसांना होडीने थेट जुन्या बंदरात पोचवतात. आम्ही तसेच आलो. होडीत आई माझ्या शेजारी बसली होती, तिचे लक्ष लाटांकडे. माझी आठ वर्षांची मुलगी मात्र समोर वाढत जाणाऱ्या भिंतीकडे बघत होती. "आत जायला दार कुठंय?" तिने विचारले. दुब्रोवनिकबद्दल विचारावा असा याहून नेमका प्रश्न मला आजवर सुचलेला नाही. या शहराचा इतिहास म्हणजे दारातून कोणाला आत घ्यायचे, किती जणांना आणि किती वेळ, याचाच इतिहास आहे.

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या या दुब्रोवनिकचे जुने नाव रागुझा. परंपरा सांगते, की सातव्या शतकात जवळच्या एपिदौरम या रोमन नगरातून (आजचे त्सावतात) पळालेल्या लोकांनी एका खडकाळ बेटावर ही वस्ती केली. समोरच्या डोंगरउतारावर स्लाव्ह लोक राहत. तिथे ओकची झाडे दाट होती आणि 'दुब्रोवनिक' हे नाव त्या ओकच्या राईवरूनच आले. मधली अरुंद खाडी पुढे बुजवली, दोन्ही वस्त्या एक झाल्या आणि बुजवलेल्या जागेवर शहराचा मुख्य रस्ता आला. तोच आजचा स्त्रादून. त्याची चुनखडीची फरशी पावलांनी इतकी गुळगुळीत झाली आहे, की पाऊस नसतानाही ओली वाटते.

शहराला वेढणारी तटबंदी १,९४० मीटर लांब आहे. काही ठिकाणी ती २५ मीटर उंच जाते. जमिनीच्या बाजूला ती चार ते सहा मीटर जाड आहे आणि समुद्राच्या बाजूला त्याहून बरीच पातळ, कारण हल्ल्याचे खरे भय डोंगराकडून होते. आज दिसते ते रूप मुख्यतः पंधराव्या-सोळाव्या शतकातले. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतले आणि तोफांपुढे जुने तट टिकत नाहीत हे सगळ्या युरोपने पाहिले, तेव्हा इथेही घाईने बुरूज जाड झाले. उत्तरेचा गोल मिन्चेता बुरूज १४६४ मध्ये पूर्ण झाला. जुन्या बंदराच्या तोंडाशी १४८४ मध्ये दगडी बांध घातला गेला आणि रात्री तो बांध व सेंट जॉनचा किल्ला यांच्यामध्ये साखळी ओढली जाई.

मला सगळ्यात जास्त सांगावेसे वाटते ते लोव्हरियेनाचबद्दल. तटाबाहेर समुद्रात घुसलेल्या कड्यावर हा वेगळा किल्ला आहे. त्याच्या बाहेरच्या भिंती बारा मीटरपर्यंत जाड आहेत, पण शहराकडे तोंड असलेली भिंत जेमतेम साठ सेंटिमीटरची. उद्या किल्लेदारच फिरला आणि शहरावर तोफा रोखून बसला, तर शहराच्या तोफांना ती भिंत पाडता आली पाहिजे, एवढा विचार त्यामागे होता. शिवाय किल्लेदार दर महिन्याला बदलत. दारावर लॅटिन ओळ कोरली आहे: जगातल्या साऱ्या सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकणे बरे नव्हे. दगडात कोरलेल्या ओळीपेक्षा ती पातळ भिंत मला अधिक बोलकी वाटते. या लोकांना शत्रूइतकीच आपल्याच माणसाच्या हातातल्या सत्तेची भीती होती आणि ती त्यांनी बांधकामात उतरवली.

राज्यकारभारही याच धाटणीचा. रागुझा हे उमराव घराण्यांचे प्रजासत्ताक होते. प्रमुखाला रेक्टर म्हणत आणि त्याची मुदत फक्त एक महिना. त्या महिन्यात त्याने वाड्यातच राहायचे, सरकारी कामाखेरीज बाहेर पडायचे नाही. रोज संध्याकाळी वेशीचे दरवाजे बंद झाले, की किल्ल्या त्याच्याकडे आणून देत. वाड्यातल्या सभागृहाच्या दारावर लिहिले आहे: खासगी गोष्टी विसरा, सार्वजनिक कामे पाहा. लोकशाही ही नव्हे. सामान्य माणसाला मत नव्हते. तरी १४१६ मध्ये उमरावांच्या याच मोठ्या सभेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १४३२ मध्ये टाकून दिलेल्या बाळांसाठी अनाथालय काढले.

भिंतींनी शहर वाचवले, असे पाटीवर वाचायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. त्याला खरे वाचवले खंडणीने आणि वकिलांनी, म्हणजे राजदूतांनी. १२०५ ते १३५८ हे शहर व्हेनिसच्या अमलाखाली होते. झादरच्या तहाने व्हेनिस हटले आणि रागुझाने हंगेरीच्या राजाचे नाममात्र छत्र स्वीकारले. पुढे उस्मानी तुर्क बाल्कनमध्ये आले, तेव्हा लढण्याऐवजी दरसाल खंडणी द्यायचे ठरले. १४८१ पासून ती १२,५०० दुकात (सोन्याची नाणी) होती. ती घेऊन वकील इस्तंबूलला जात. बदल्यात रागुझाच्या व्यापाऱ्यांना उस्मानी साम्राज्यात व्यापाराची मोकळीक मिळे. एकीकडे पोप, दुसरीकडे सुलतान, समोर व्हेनिस. एवढ्या थोरांच्या मध्ये काही हजार माणसांचे शहर साडेचारशे वर्षे आपला कारभार आपण पाहत राहिले. इंग्रजीत भरभक्कम मालवाहू गलबताला 'आर्गोसी' म्हणतात, तो शब्द रागुझाच्याच नावावरून आलेला आहे.

या व्यापाराची एक खूण गोव्यात दाखवली जाते. जुन्या गोव्याच्या पूर्वेला कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला सांव ब्राझचे चर्च आहे. सांव ब्राझ म्हणजे सेंट ब्लेझ, म्हणजेच दुब्रोवनिकचा ग्रामदेव म्हणावा असा संत व्लाहो. सोळाव्या शतकात तिथे रागुझाच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती असे क्रोएशियात आवर्जून सांगतात. पोर्तुगीजांमध्येही हा संत लोकप्रिय होता, त्यामुळे सगळेच अभ्यासक हे मानत नाहीत. पण चर्च आहे, आणि क्रोएशियाचे लोक ते बघायला येतात.

दुब्रोवनिकमध्ये हा संत जवळपास प्रत्येक वेशीवर कोनाड्यात उभा असतो, डाव्या हातात शहर घेऊन. दहाव्या शतकात व्हेनिसची गलबते पाण्यासाठी म्हणून लोकरूमजवळ नांगरली, तेव्हा त्याने एका पुजाऱ्याला दृष्टांत देऊन त्यांचा खरा डाव सांगितला आणि दरवाजे वेळीच बंद झाले, अशी आख्यायिका आहे. आमचे जहाज त्याच पाण्यात उभे होते. ३ फेब्रुवारीला त्याचा उत्सव आजही होतो. २००९ पासून तो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

आता वळू प्लोचे वेशीकडे, कारण या शहराने जगाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट तिथून दिसते. १३४८ च्या प्लेगने इथली खूप माणसे नेली. व्यापार बंद करावा तर शहर उपाशी मरणार, चालू ठेवावा तर रोगाने. २७ जुलै १३७७ रोजी मोठ्या सभेने यावर तोडगा काढला: प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी एक महिना म्रकान बेटावर किंवा त्सावतातला काढावा, मगच रागुझात पाऊल टाकावे. त्यांना परवानगीशिवाय भेटायला जाणाऱ्या शहरवासीयालाही तिथेच महिनाभर राहावे लागे. रोग जंतूंमुळे होतात हे सिद्ध व्हायला अजून पाच शतके होती. तरी रोग अंगात दडून येतो आणि काही दिवसांनी दिसतो, हे या व्यापाऱ्यांनी निरीक्षणातून ताडले होते. तीस दिवसांचे पुढे चाळीस झाले आणि चाळिसासाठीच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाइन' आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात हातावर मारलेल्या शिक्क्याचे मूळ म्रकानच्या त्या उघड्या खडकावर आहे.

प्लोचे वेशीबाहेरची लाझारेती ही त्याची पुढची पायरी. बांधकाम १५९० मध्ये सुरू झाले आणि १६४२ मध्ये संपले. उस्मानी मुलखातून तांडे याच रस्त्याने येत. एकाला एक लागून दहा दालने, मध्ये चौक, बाहेर पहारा. माणसांना ठेवून घ्यायचे, माल उघडून हवेवर टाकायचा, मुदत संपली की आत सोडायचे. आज तिथे कार्यक्रम आणि हस्तकलेची दुकाने आहेत. समुद्राकडच्या बाजूला उभे राहिले, की शहर अगदी हाताशी दिसते. महिनाभर ते नुसते बघत बसणाऱ्या व्यापाऱ्याला काय वाटत असेल, ते त्या जागी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज असेच अडकवून ठेवले होते. त्यावर भारतीय कर्मचारीही होते. गोव्यातल्या कितीतरी घरांतली माणसे तारवटी म्हणून अशा जहाजांवर कामाला असतात. किनारा दिसत असताना उतरता न येणे म्हणजे काय, हे त्या घरांना त्या वर्षी नव्याने समजले.

पिले वेशीतून आत शिरल्याबरोबर ओनोफ्रियोचे कारंजे लागते. १४३६ ते १४३८ या काळात बारा किलोमीटरवरून पाणी आणणारी नळयोजना इथे झाली, त्याचे हे टोक. सोळा बाजूंनी सोळा दगडी मुखवटे, प्रत्येकाच्या तोंडून पाण्याची धार. मुलीने सगळे मोजले आणि प्रत्येक तोंडाचे पाणी चाखून पाहिले. आईने बाटली भरून घेतली.

६ एप्रिल १६६७ च्या सकाळी भूकंप झाला. काही हजार माणसे गेली, त्यात रेक्टरही होता. नंतर स्त्रादूनच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीची, एकाच धाटणीची घरे बांधली गेली. खाली दुकान, आणि दुकानाचे दार व खिडकी एकाच कमानीत, म्हणजे खिडकीचा कट्टा तोच गल्ला. तट मात्र जवळजवळ तसेच राहिले. स्पोन्झा नावाचे जकातघरही भूकंपातून वाचले. त्याच्या चौकातल्या कमानीवर तराजूच्या तोंडची ओळ आहे: आमची मापे फसवू देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. जवळच्या चौकात ओर्लांदो या वीराचा १४१८ चा खांब आहे. त्याच्या कोपरापासून हातापर्यंतची लांबी, ५१.२ सेंटिमीटर, हे कापड मोजायचे सरकारी माप होते. ग्राहकाला शंका आली, तर पुतळ्याशी पडताळा.

भूकंपानंतर शहर पूर्वीचे राहिले नाही, तरी मुत्सद्देगिरी शाबूत होती. १६९९ च्या कार्लोविट्झ तहात व्हेनिसशी सीमा भिडू नये म्हणून रागुझाने दोन्ही बाजूंचा किनाऱ्याचा एकेक तुकडा तुर्कांकडे जाऊ दिला. त्यातला नेउमचा तुकडा आज बोस्नियाचा समुद्रकिनारा आहे, आणि त्यामुळे दुब्रोवनिक उरलेल्या क्रोएशियापासून जमिनीने तुटलेले होते. २०२२ च्या जुलैत पेल्येशाच पूल झाला, तेव्हा ती गैरसोय संपली.

प्रजासत्ताकाचा शेवट लढाईने झाला नाही. १८०६ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या सैन्याला आत घेतले, आणि ३१ जानेवारी १८०८ रोजी फ्रेंचांनी प्रजासत्ताक बरखास्त केल्याचे जाहीर केले. मग ऑस्ट्रिया, मग युगोस्लाव्हिया.

क्रोएशियाने युगोस्लाव्हियापासून वेगळे व्हायचे ठरवले, आणि १ ऑक्टोबर १९९१ ला युगोस्लाव्ह सैन्याने वेढा घातला. वीज आणि पाणी तुटले. ६ डिसेंबरला जुन्या शहरावर सर्वांत भयंकर तोफमारा झाला. १९७९ पासून जागतिक वारसा असलेल्या या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना तोफगोळे लागले. तोफांसाठी जाड केलेल्या जुन्या बुरुजांत लोकांनी आसरा घेतला. पुढे युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात या हल्ल्याबद्दल सेनाधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. पिले वेशीजवळ एक नकाशा लावलेला आहे; कुठल्या घरावर काय पडले, ते त्यावर खुणांनी दाखवले आहे. तो बघून मग तटावर चढावे. वरून छपरे दिसतात: फिकट, डागाळलेली कौले जुनी, लालभडक कौले १९९१ नंतरची. जुन्या कौलांची छपरे फार थोडी आहेत.

पर्यटक परतले, आणि मग इतके आले की शहर पुन्हा वेढल्यासारखे झाले. एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेचे चित्रीकरण या तटांवर झाले, त्याने भर पडली. १९९१ मध्ये तटांच्या आत सुमारे पाच हजार लोक राहत होते. आज दोन हजारही नाहीत. घरे भाड्याच्या खोल्या झाल्या. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी एका वेळी आठ हजारांहून जास्त माणसे आत नकोत असे सुचवले, तर २०१७ मध्ये आलेल्या महापौरांनी लक्ष्य चार हजारांचे ठेवले. २०१९ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या संघटनेशी करार झाला: दिवसाला दोनच जहाजे, एका वेळी चार हजार प्रवासी. वेशींवर आत-बाहेर जाणाऱ्यांची मोजणी करणारे कॅमेरे आहेत.

काहींना हा पाहुण्यांचा अपमान वाटतो. मला वाटत नाही. ज्या शहराने प्लेगच्या काळातही व्यापार थांबवला नाही आणि दारही सताड उघडे टाकले नाही, त्याने जहाजे मोजणे अगदी त्याच्या स्वभावाला धरून आहे. आपल्यासारख्या सात-आठ तासांच्या पाहुण्यांनी तेवढे समजून घेतले पाहिजे. तटावर चढायला वेगळे तिकीट आहे आणि ते महाग आहे. त्यातला पैसा १९५२ मध्ये स्थापन झालेल्या आणि तटांची निगा राखणाऱ्या स्थानिक संस्थेमार्फत डागडुजीला जातो. म्हातारी माणसे बरोबर असतील, तर सकाळी तट उघडताच चढावे, कारण पायऱ्या खूप आणि सावली नाही. आईला आम्ही खाली रेक्टरच्या वाड्याच्या गार ओट्यावर बसवले. आम्ही उतरून आलो, तेव्हा ती एका स्थानिक आजींशेजारी बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आजींनी बोट वर करून त्यांच्या घराची खिडकी दाखवली. खाली दोरीवर चादरी वाळत होत्या.

शेवटच्या होडीची वेळ साडेचारची होती. मासळीबाजाराच्या वेशीतून बाहेर पडताना मुलगी थांबली, कमानीखालून वर बघत म्हणाली, "आपण गेल्यावर ते तीन कमी मोजतील ना?"

"हो," मी म्हणालो, आणि आम्ही होडीत बसलो.